ग्रुप प्लॅन, माझं वय आणि दुकानातली दोन पोरं

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

आम्ही नवरा-बायको डॅलसजवळ साइनबोर्ड आणि छपाईचं दुकान चालवतो. एस-कॉर्प आहे (म्हणजे नफा मालकांच्या वैयक्तिक करविवरणात मोजतात अशी कंपनी), निम्मी-निम्मी मालकी. मी ६३ वर्षांचा, २०२७ च्या नोव्हेंबरमध्ये ६५ पूर्ण होतील. बायको ५८. मला मधुमेह आहे आणि एक स्टेंट बसवलेला आहे. आजवर आमचा आरोग्यविमा तिच्या कंपनीतून होता. ती नोकरी तिने ३१ मे रोजी सोडली आणि आता पूर्णवेळ दुकानात येते. दुकानात दोन पोरं पूर्णवेळ कामाला आहेत, एक २७ चा, एक ४० चा.

ब्रोकरने ग्रुप प्लॅनचा, म्हणजे दुकानातल्या सगळ्यांसाठी मिळून घ्यायच्या विम्याचा आकडा दिलाय. त्यात माझा हप्ता २७ वर्षांच्या मुलाच्या जवळजवळ तिप्पट दिसतो. हे कायदेशीर आहे का? स्टेंटमुळे मला नाकारतील का? दुसरा एक ब्रोकर बराच स्वस्त प्लॅन देतोय, पण त्यात तब्येतीचा फॉर्म आहे. सगळं खरं लिहायचं का? मुलगी ऑस्टिनला नोकरी करते, तिला आमच्या पगारपत्रकावर घेतलं तर ग्रुप भक्कम होईल का? आणि ६५ ला मेडिकेअर (सरकारी आरोग्यविमा) लागल्यावरही हाच प्लॅन चालू ठेवला तर चालेल ना?

— एक दुकानदार, फ्रिस्को, टेक्सास

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पाचही प्रश्नांत तुम्ही स्वतःचं वय आणि स्वतःचा आजार मधोमध ठेवलाय. साहजिक आहे. पण पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटतं की हा हिशेब मुळात तुमच्या बायकोचा आहे. तुम्ही सव्वा-दीड वर्षात मेडिकेअरवर जाल, तिला मात्र अजून जवळपास सात वर्षं काढायची आहेत. तिथवर येतोच. आधी तुमचे प्रश्न.

स्टेंटमुळे नाकारतील का? नाही. २०१४ पासून पन्नासपर्यंत कर्मचारी असलेल्या धंद्याचा ग्रुप प्लॅन विकताना कंपनीला कुणाचा आजार विचारता येत नाही, त्यावरून हप्ता वाढवता येत नाही आणि जुना आजार म्हणून त्याचे पैसे रोखूनही धरता येत नाहीत. इथे वीस-वीस वर्षं राहिलेली आपली माणसंसुद्धा 'डायबेटिस सांगू की नको' असं कुजबुजत विचारतात, कारण डोक्यात भारतातल्या पॉलिसीचा नियम घट्ट बसलेला असतो. तिथे आजही आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लावता येतं. इथल्या स्मॉल ग्रुपमध्ये, म्हणजे छोट्या धंद्याच्या ग्रुप प्लॅनमध्ये, ती भीती सोडून द्या.

हप्ता ठरतो तो चारच गोष्टींवर: वय, राहण्याचा भाग, कुटुंबात किती जण आणि कोण, आणि तंबाखू. बाई की बुवा हे चालत नाही, धंदा कोणता हेही चालत नाही. तंबाखूचं मात्र जरा सांभाळा. त्यासाठी हप्ता दीडपटीपर्यंत नेता येतो, आणि तंबाखू म्हणजे फक्त सिगारेट नव्हे. गेल्या सहा महिन्यांत सरासरी आठवड्यातून चार किंवा जास्त वेळा कुठलाही तंबाखू घेतला असेल तर तो मोजला जातो. म्हणजे जेवणानंतरच्या पानातला आणि मळून दाढेखाली धरलेलाही. तुमच्यापैकी कुणी घेत असेल तर सांगा. स्मॉल ग्रुपमध्ये तो सोडण्याच्या कार्यक्रमात नाव घातलं की हा जादा भार टाळता येतो.

आता तिपटीचं. कायदेशीर आहे. प्रौढांमध्ये सर्वात म्हाताऱ्याला सर्वात तरुणाच्या तिपटीपेक्षा जास्त लावायचं नाही एवढीच मर्यादा कायद्याने घातली आहे, आणि ती मर्यादा कंपन्या पुरेपूर वापरतात. टेक्सासमध्ये वयानुसार हप्ता किती पट लावायचा याचा केंद्राचाच तक्ता चालतो. त्यात २१ वर्षांचा माणूस म्हणजे १, तुमच्या दुकानातला २७ चा मुलगा १.०४८, ४० चा १.२७८, तुमची बायको २.५४८ आणि तुम्ही २.९५२. चौसष्टला ३ होतात आणि तिथून पुढे आकडा थांबतो. न्यूयॉर्क आणि व्हरमाँटमध्ये वयाचा फरकच करत नाहीत, मॅसॅच्युसेट्समध्ये दुपटीवर थांबतात. पण त्यासाठी कुणी दुकान उचलून नेत नाही.

या आकड्यांचं काय करायचं ते उदाहरणाने दाखवतो. समजा एखाद्या प्लॅनचा २१ वर्षांसाठीचा दर ४०० डॉलर आहे. (हा मी सोयीसाठी धरलाय, तुमच्या ब्रोकरचा नव्हे.) मग लहान पोराचे महिन्याला सुमारे ४१९, मोठ्याचे ५११, बायकोचे १,०१९ आणि तुमचे १,१८१. चौघांचे मिळून ३,१३०. त्यातले २,२०० तुम्हा दोघांचेच, म्हणजे शंभरातले सत्तर. पोरांच्या हप्त्यातला निम्मा वाटा दुकानाने उचलला, तर ग्रुप उभा करण्याचा तुमच्या खिशातून जाणारा खर्च महिन्याला ४६५ डॉलर. बहुतेक मालक नेमका इथे हात आखडता घेतात. पण या दोन पोरांशिवाय तुमचा ग्रुप होतच नाही.

कारण असं की, धंदा पूर्णपणे नवरा-बायकोच्या मालकीचा असेल आणि त्यात ते दोघंच असतील, तर केंद्रीय कायद्याच्या नजरेत तिथे 'कर्मचारी' कुणीच नाही. मालक आणि मालकाचा जोडीदार सोडून किमान एक खराखुरा पगारी माणूस लागतो. तो असला की त्याच्या जोडीने तुम्ही दोघंही प्लॅनमध्ये बसता. तो गेला की नूतनीकरणाच्या वेळी ग्रुप म्हणून टिकणं अवघड.

मग मुलीला पगारपत्रकावर घ्यायचं का? अजिबात नाही. ती ऑस्टिनला दुसरीकडे नोकरी करते, तुमच्या दुकानात काम करत नाही. कंपनी राज्याकडे भरलेला तिमाही पगाराचा अहवाल मागते आणि नावं ताडून बघते. एकदा दिलेला विमा आजारपणाचं कारण काढून मागच्या तारखेने रद्द करता येत नाही हे संरक्षण तुम्हाला आहे. पण त्याला अपवाद आहे तो फसवणुकीचा आणि जाणूनबुजून दिलेल्या खोट्या माहितीचा. म्हणजे तुमच्याकडे असलेलं सर्वात भक्कम संरक्षण तुम्ही आपल्या हाताने काढून टाकणार, तेही ज्याची गरज नाही अशा गोष्टीसाठी. तुमच्याकडे दोन खरे कर्मचारी आहेत. ते पुरेत.

सहभागाचा नियमही लक्षात ठेवा. टेक्सासमध्ये पात्र लोकांपैकी ७५ टक्क्यांनी प्लॅन घ्यावा लागतो. तुम्ही चौघं, म्हणजे तिघं हवेत. ज्याचा विमा बायकोच्या नोकरीतून आहे, असा माणूस साधारणपणे मोजणीतूनच वगळतात. हप्त्यातला निदान निम्मा वाटा मालकाने भरावा अशीही बऱ्याच कंपन्यांची अट असते. या दोन्ही अटी जमत नसतील तर दरवर्षी १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या महिन्यात अर्ज करा. त्या काळात सहभाग आणि वाटा कमी पडला तरी कंपनीला १ जानेवारीपासूनचा प्लॅन नाकारता येत नाही. ही खिडकी मालकांना क्वचितच माहीत असते. एरवी ग्रुप प्लॅन वर्षातल्या कुठल्याही महिन्यात सुरू करता येतो.

जाता जाता: वय मोजतात ते प्लॅन सुरू होण्याच्या किंवा नूतनीकरणाच्या तारखेला. काही हुशार मंडळी वाढदिवसाच्या आधीची तारीख पकडायला धडपडतात. तुमच्या बाबतीत ६३ आणि ६४ मधला फरक दीड टक्क्याच्या आसपास आहे. त्यासाठी जीव टाकू नका.

स्वस्त प्लॅन. तब्येतीचा फॉर्म मागितला, याचाच अर्थ तो मी वर सांगितला तसला ग्रुप प्लॅन नाही. बहुधा 'लेव्हल फंडेड' म्हणतात तो प्रकार असणार. त्यात दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची असल्याने तो दिसतो विम्यासारखाच. पण मुळात लोकांच्या उपचारांचा खर्च दुकानाने स्वतः उचलायचा आणि मर्यादेपलीकडच्या खर्चासाठी वेगळा विमा घ्यायचा, असा तो मामला आहे. म्हणून त्याला वयाच्या तिपटीची मर्यादा लागू नाही आणि आजार न विचारण्याचं बंधनही नाही. पंचविशीतली धडधाकट पोरं घेऊन धंदा करणाऱ्याला त्यात खरोखर पैसे वाचतात. तुमच्या दुकानात हप्त्याचा सत्तर टक्के भार ज्या दोघांचा, त्यातला एक मधुमेह आणि स्टेंटवाला. ब्रोकरने दाखवलेला आकडा फॉर्म भरण्याआधीचा आहे. फॉर्म भरल्यावरचा आकडा मागा, तो लेखी मागा, आणि पहिल्या वर्षी मोठं दुखणं निघालं तर दुसऱ्या वर्षी काय होतं तेही विचारा. फॉर्म भरलाच तर अक्षर न अक्षर खरं लिहा. एका गोष्टीचा दिलासा आहे: हा प्रयोग फसला तरी नियमातल्या ग्रुप प्लॅनचं दार बंद होत नाही.

आता मेडिकेअर. या एका बाबतीत इथल्या छोट्या दुकानदारांचं सर्वात जास्त नुकसान होतं, म्हणून जरा सावकाश वाचा.

मोठ्या कंपनीत काम करणारा तुमचा मित्र सांगेल, 'मी ६७ चा झालो, अजून पार्ट बी घेतलेला नाही, कंपनीचा विमा आहे ना!' (पार्ट बी म्हणजे मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, पार्ट ए हॉस्पिटलचा.) त्याचं बरोबर आहे. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर कंपनीचा विमा आधी पैसे देतो आणि मेडिकेअर मागाहून. वीसपेक्षा कमी असतील तर हे उलटं होतं: आधी मेडिकेअर, उरलेलं ग्रुप प्लॅन. तुमच्या दुकानात चार माणसं. ६५ नंतर तुम्ही पार्ट बी घेतलाच नाही आणि ग्रुप प्लॅनच्या भरवशावर राहिलात, तर अनेक करारांत असं कलम असतं की मेडिकेअरने जे दिलं असतं ते कंपनी वजा धरणार. पार्ट बी साधारण मंजूर खर्चाच्या ८० टक्के देतो. म्हणजे तो ऐंशी टक्क्यांचा खड्डा तुमच्या खिशातून भरायचा, आणि तेही महिन्याचा भरभक्कम हप्ता नियमित भरत असताना. वर, हे कळतं ते हॉस्पिटलचं बिल आल्यावर.

म्हणून २०२७ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये पार्ट ए आणि बी, दोन्हींसाठी अर्ज करा, म्हणजे १ नोव्हेंबरपासून ते सुरू होतील. त्याच्या आधी सोशल सिक्युरिटीच्या खात्यात जाऊन चाळीस क्रेडिट (पगारावर कर भरून जमणारी कामाची नोंद) पूर्ण आहेत का ते बघून ठेवा. असतील तर पार्ट ए ला हप्ता नाही. एस-कॉर्पचे काही मालक पगारावरचा कर टाळण्यासाठी पगार जवळजवळ घेतच नाहीत, सगळा नफा वाटणीतून काढतात. आणि मग पासष्टीला क्रेडिट मोजत बसतात. पार्ट बी चा या वर्षीचा, म्हणजे २०२६ चा हप्ता महिन्याला २०२.९० डॉलर आहे. उत्पन्न जास्त असेल तर तो वाढतो, आणि त्यासाठी दोन वर्षांपूर्वीचं करविवरण बघतात. दुकान विकायचा विचार असेल तर हे सीएला नक्की विचारा. या वर्षी विकलंत तर त्या नफ्याची सावली २०२८ च्या हप्त्यावर पडेल.

तुमचा स्टेंट खरा आडवा येऊ शकतो तो इथे. मेडिकेअरने न दिलेला भाग भरणारी मेडिगॅप पॉलिसी असते. पार्ट बी सुरू झाल्यापासूनचे पहिले सहा महिने ती तब्येत न विचारता मिळते. ती मुदत गेली की टेक्सासमध्ये कंपनी आजार विचारू शकते आणि सरळ नाही म्हणू शकते. त्या सहा महिन्यांत निर्णय घ्या. आणि हेही सांगतो: तुम्ही दोघं हिवाळ्यात दोन-तीन महिने पुण्या-मुंबईकडे जात असाल, तर मूळ मेडिकेअर तिथल्या दवाखान्याचे पैसे देत नाही. काही मेडिगॅप पॉलिसींमध्ये परदेशातल्या तातडीच्या उपचारांसाठी मर्यादित तरतूद असते, ती निवडताना बघून घ्या.

हे सगळं घेतल्यावर ग्रुप प्लॅनमध्ये राहायचं का? माझं मत: नाही. तेव्हा तुमचा आकडा ३ असेल, म्हणजे तिप्पट हप्ता भरून दुय्यम विमा विकत घेणं. बाहेर पडा. एचएसए (उपचारांसाठीचं करमुक्त बचत खातं) असेल तर मेडिकेअर सुरू होताच त्यात पैसे भरणं बंद करा.

पण तुम्ही बाहेर पडलात की तिचं काय? फॉर्म भरताना बहुतेक घरांत नवरा कर्मचारी आणि बायको त्याच्यावर अवलंबून, अशीच नोंद होते. हात आपोआप तसाच चालतो. तुम्ही तसं केलंत, तर २०२७ च्या नोव्हेंबरात तुम्ही निघालात की तिचंही नाव निघेल. तिला पहिल्या दिवसापासून कर्मचारी म्हणूनच नोंदवा. ती निम्म्या दुकानाची मालकीण आहे, पूर्णवेळ काम करते, तर तिला रीतसर पगार लावा, डब्ल्यू-टू (पगाराचा वार्षिक दाखला) निघू दे. हप्ता माणशी वयावर ठरतो, त्यामुळे अशा नोंदीने एक डॉलरही वाढत नाही. तुमच्यामागे तिचा ग्रुप उभा राहील तो ती आणि त्या दोघांपैकी निदान एक पोरगा, एवढ्यावर. म्हणून ते ४६५ डॉलर मी तुमच्या बायकोच्या विम्याचाच भाग धरतो. डॉक्टर मोकळेपणाने निवडू देणारा पीपीओ प्लॅन तिला शोधूनही बाहेर सहज मिळणार नाही; टेक्सासच्या वैयक्तिक बाजारात जवळपास सगळे एचएमओ आणि ईपीओच, म्हणजे ठरावीक डॉक्टर-हॉस्पिटलांपुरते चालणारे प्लॅन आहेत. शिवाय वयाची तिप्पट तिथेही तीच. हप्त्यावरच्या सरकारी सवलतीचं म्हणाल तर २०२१ पासून मिळणारी वाढीव सवलत २०२५ अखेर संपली. २०२६ साठी दोघांच्या घराची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८४,६०० डॉलर आहे. त्याच्या एक डॉलर वर गेलात तरी काही मिळत नाही. तुमचं उत्पन्न त्याखाली बसत असेल तर मात्र हे सगळं गणित नव्याने मांडावं लागेल, मला पुन्हा लिहा.

करांबद्दल एकच: तुम्ही दोघं दोन टक्क्यांहून जास्त हिस्स्याचे मालक, म्हणून कंपनीने भरलेला तुमचा हप्ता तुमच्या डब्ल्यू-टू मध्ये पगारात दाखवावा लागतो आणि मग वैयक्तिक विवरणात वजावट घेता येते. पोरांसाठी भरलेला सरळ धंद्याचा खर्च. आणि कुणी ग्रुपच्या हप्त्याऐवजी, प्रत्येकाने स्वतः घेतलेल्या विम्याचे पैसे परत देण्याची 'इक्रा' योजना सुचवली, तर तिचा फायदा पोरांना होईल. एस-कॉर्पचे मालक म्हणून तुम्ही दोघंही त्यात बसत नाही.

पत्रात तुम्ही विचारलं नाही, पण मी सर्वात आधी जे केलं असतं ते आता सांगतो. बायकोच्या जुन्या कंपनीचा कोब्राचा, म्हणजे नोकरी सुटल्यावर तोच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवण्याच्या सोयीचा आकडा मागवा. कंपनीत वीस किंवा जास्त माणसं असतील तर तोच विमा १८ महिने चालू ठेवता येतो; पूर्ण हप्ता आणि वर दोन टक्के तुम्ही भरायचे. ऐकताना महाग वाटतं. पण मोठ्या कंपन्यांत हप्ता सहसा माणसाच्या वयावर नसतो, तरुण-म्हातारे सगळ्यांची सरासरी असते. साठीच्या जोडप्याला कोब्रा ग्रुप प्लॅनपेक्षा स्वस्त पडणं यात नवल नाही. शिवाय तारखा बघा: विमा ३१ मे रोजी संपला असेल तर १८ महिने ३० नोव्हेंबर २०२७ ला भरतात, आणि तुमचं मेडिकेअर त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू होतं. मधला काळ कोब्रावर काढायचा आणि तिच्यासाठी दुकानाचा ग्रुप १ डिसेंबर २०२७ पासून सुरू करायचा, असंही जमू शकतं. तेव्हा तुमचा तिपटीचा हप्ता त्यात नसेल. फक्त कोब्रा आहे म्हणून पार्ट बी लांबवू नका. नोकरीच्या विम्यामुळे मिळणारी उशिराची सूट कोब्राला लागू नाही. दर पूर्ण वर्षाच्या उशिराला दहा टक्के दंड हप्त्यात कायमचा चिकटतो.

या वाटेत पोरांना मात्र दीड वर्ष विमा मिळत नाही. ४० वर्षांच्या माणसाला घर असेल, मुलं असतील. त्याने तोवर थांबावं की नाही हे त्याच्याशी बोलून ठरवा. तो दुसरीकडे गेला तर पुढे ग्रुप कुणाच्या जोरावर करणार? दोन्ही आकडे समोर आल्यावर फरक महिन्याला दोन-तीनशे डॉलरचाच निघाला, तर मी आजच ग्रुप सुरू करेन.

कोब्रा घ्यायला ६० दिवस मिळतात, विमा संपल्यापासून किंवा नोटीस मिळाल्यापासून, यातलं जे नंतरचं असेल तिथून. नोटीस आली नसेल तर उद्या सकाळी तिच्या जुन्या एचआरला फोन करा.